अजिंठा कोणत्या क्रमाने पाहावा?
मार्गदर्शित फेरीच्या संहितेची एक तपासणी

अजिंठ्याहून परतलेल्या माणसाला काय पाहिले असे विचारले, तर उत्तरात तीन-चार गोष्टी हमखास येतात. पहिल्या लेण्यातला, हातात कमळ धरलेला पद्मपाणी. एकाच डोक्याची चार हरणे. प्रकाश तीन बाजूंनी टाकला की तीन भाव दाखवणारा बुद्धाचा चेहरा. आणि शिकारीला आलेला असताना लेणी ‘शोधून काढणारा’ जॉन स्मिथ. सांगणारा नागपूरचा असो की पणजीचा, एकदा गेलेला असो की तीनदा, ही यादी फारशी बदलत नाही. ज्या डोंगरकड्यात तीसच्या आसपास लेणी आहेत, जिथल्या कामाचा सगळा पसारा सहा-सात शतकांचा आहे, तिथून प्रत्येक जण नेमके हेच घेऊन येत असेल, तर ही निवड त्याची नव्हे. ती मार्गदर्शित फेरीची आहे.

प्रस्तुत लेखात या फेरीकडे मी एक संहिता म्हणून पाहणार आहे. कादंबरीला किंवा नाटकाला जसा आरंभ, मध्य, शेवट असतो, नायक असतो, वगळलेले प्रसंग असतात, तसे सारे या दोन-अडीच तासांच्या मौखिक संहितेतही आहे. तिचे श्रोते कुठल्याही इतिहासग्रंथाच्या वाचकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहेत. तरीही तिची समीक्षा आपल्याकडे कुणी गांभीर्याने करत नाही. गाइड म्हणजे सहलीची सोय, असे आपण धरून चालतो.

माझ्या अधिकाराबद्दल आधीच सांगते. कुठल्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. विम्याच्या कार्यालयातली नोकरी सांभाळून, गौरीशंकर ओझा यांच्या ‘भारतीय प्राचीन लिपिमाला’ या ग्रंथातले तक्ते गिरवत मी ब्राह्मी शिकले. अजिंठ्याला दर वर्षी-दोन वर्षांनी जाते. तिथे माझी एक सवय आहे. कुठल्या तरी गटामागे चार पावले अंतर ठेवून चालायचे आणि गाइड काय सांगतो ते वहीत उतरवून घ्यायचे. पुढची निरीक्षणे त्या वह्यांमधली आहेत.

क्रमांक कुणाचे?

फेरी पहिल्या लेण्यापासून सुरू होते, कारण त्याचा क्रमांक एक आहे. हे इतके स्वाभाविक वाटते, की क्रमांक कुणी आणि कशासाठी दिले, हा प्रश्नच मनात येत नाही. हे क्रमांक एकोणिसाव्या शतकातल्या पाहणीतून आले आहेत. जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातल्या लेण्यांवर निबंध वाचला. त्यांनी अजिंठ्याला दिलेली क्रमवारी पुढे जेम्स बर्जेस यांच्या कामातून पक्की झाली. कड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घरांना नंबर द्यावेत, तसे हे नंबर आहेत. त्यांचा काळाशी काही संबंध नाही. मागाहून सापडलेल्या एका लहान लेण्याला ‘१५ अ’ म्हणावे लागले, यावरून या पद्धतीची जात कळते.

काळाच्या क्रमाने पाहिले तर अजिंठ्याचा आरंभ कड्याच्या मध्याजवळ आहे. दहावे, नववे, बारावे, तेरावे आणि १५ अ ही लेणी सातवाहनकाळाच्या आसपासची, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या शतकांतली आणि त्यांच्या लगतची. नंतर मोठा खंड पडला आणि पाचव्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, दुसरा बहर आला. पहिले लेणे या दुसऱ्या बहरातले, आणि त्यातही उशिराचे. म्हणजे फेरी सुरू होते ती ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणापासून.

वाटही अशीच नवी आहे. आज आपण ज्या सलग वाटेने एका लेण्यातून दुसऱ्याकडे जातो, ती मूळची नाही. पूर्वी लेण्यांना खालून, वाघोरा नदीच्या पात्रातून चढणारे स्वतंत्र जिने होते. त्यांतला एक आजही ठळकपणे दिसतो. सोळाव्या लेण्याखाली दोन दगडी हत्ती आहेत, त्यांच्यामधून पायऱ्या वर जातात आणि वाटेत नागराजाची बसलेली मूर्ती भेटते. हे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवले. त्याच्या शिलालेखात पाण्याच्या साठ्याचा आणि नागराजाच्या स्थानाचा उल्लेख आहे. लेण्याच्या धन्यानेच पाहुण्याला कुठून आत घ्यायचे ते कोरून ठेवले आहे, आणि आपण बाजूच्या गल्लीतून आत शिरतो आहोत.

क्रमामुळे एवढे काय बिघडते, असे कुणी विचारील. बिघडते ते नजरेचे. पद्मपाणीचा लवलवता देह आणि भरगच्च रंगवलेले छत पाहून झाल्यावर दहाव्या लेण्यात शिरलेला माणूस म्हणतो, “इथे काही उरलेलं दिसत नाही.” अंधार, अष्टकोनी खांब, साधा स्तूप. गाइडही इथे फारसा थांबत नाही. खरे तर इथल्या साधेपणातच सगळी गोष्ट आहे. दहाव्या लेण्यातल्या स्तूपावर बुद्धाची मूर्ती नाही. एकोणिसाव्यात स्तूपाच्या पुढ्यात बुद्ध उभा आहे. सव्विसाव्यात तो पाय खाली सोडून आसनावर बसला आहे. ही तीन चैत्यगृहे पाठोपाठ पाहिली, तर उपासनेचे केंद्र चिन्हाकडून मूर्तीकडे कसे सरकले, हे व्याख्यानाशिवाय कळते. मध्ये बाकीच्या लेण्यांची धावपळ झाली, की ते कळत नाही.

चमत्कारांची यादी

आता संहितेच्या मजकुराकडे वळू. तिचा मुख्य रस अद्भुत आहे. चार हरणे आणि एक डोके, दिवा टाकला की चमकणारे मोती, हसणारा-गंभीर-ध्यानस्थ बुद्ध. या गोष्टी खोट्या नाहीत. कारागिराचे कौशल्य तिथे आहेच. पण कौशल्याचा अर्थ सांगायचा राहतो. पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यातला बुद्ध धर्मचक्रप्रवर्तनाच्या मुद्रेत आहे आणि त्याच्या आसनाखाली चक्र आणि हरणे कोरलेली आहेत. हे सारनाथच्या मृगवनातले पहिले प्रवचन आहे. भाविकाला त्या गाभाऱ्यात काय ऐकू यावे अशी अपेक्षा होती, ते आसनाखाली कोरलेले आहे, आणि गटातले सगळे जण चेहऱ्यावरचा प्रकाश उजवीकडून डावीकडे सरकण्याची वाट पाहत असतात.

मजकुरात काही जुनी नावेही रुतून बसली आहेत. पहिल्या लेण्यातल्या एका दरबारी दृश्याला अजूनही ‘इराणी वकिलात’ म्हणतात. फर्ग्युसन यांनी १८७९ साली सुचवले, की हा इराणच्या दुसऱ्या खुस्रोने चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीकडे पाठवलेला दूत असावा. पुलकेशी सातव्या शतकातला. ते चित्र पाचव्या शतकातले मानले, तर वकिलात आपोआप रद्द होते. आज अभ्यासकांचा कल ते महासुदर्शन राजाच्या कथेतले दृश्य मानण्याकडे आहे. वकिलातीची कहाणी मात्र सुटसुटीत आणि आपल्या अभिमानाला गोंजारणारी असल्यामुळे टिकून आहे.

सोळाव्या लेण्यातल्या ‘मरणोन्मुख राजकन्ये’चे प्रकरण याहून गंभीर आहे. ती मरत नाही. ती सुंदरी, बुद्धाचा सावत्रभाऊ नंद याची पत्नी. नंदाने भिक्षू होऊन संसार सोडला, ही बातमी ऐकून ती कोसळते आहे. एकोणिसाव्या शतकातल्या रसिकांना त्यात मृत्यूचे करुण दृश्य दिसले आणि तेच नाव पडले. या नावाने चित्रातला सगळा ताण पुसून टाकला. भिक्षूंच्याच विहाराच्या भिंतीवर, भिक्षू झालेल्या नवऱ्यामुळे कोसळलेली बायको इतक्या मायेने रंगवली आहे. तिथे राहणाऱ्या प्रत्येक भिक्षूने कुणाला तरी मागे सोडलेलेच असणार. हे चित्र त्याच्यासमोर रोज होते. ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हटले की आपण हळहळतो आणि पुढे जातो. ‘सुंदरी’ म्हटले की थांबावे लागते.

‘फ्रेस्को’ या शब्दाचेही तसेच. ओल्या चुन्यावर रंगवलेल्या चित्राला फ्रेस्को म्हणतात. अजिंठ्यात दगडावर मातीचा, तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळलेला गिलावा आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्या कोरड्या पृष्ठभागावर बांधद्रव्यात कालवलेले रंग. पाणी आणि दमट हवा यांपुढे असे चित्र फार दुबळे असते. शब्द नेमका वापरला, तर आत गर्दी का नको, हे वेगळे समजवावे लागणार नाही.

एका लेण्यातली दोन नावे

माझा या संहितेवरचा मुख्य आक्षेप मात्र दहाव्या लेण्याशी निगडित आहे.

मद्रास घोडदळातला अधिकारी जॉन स्मिथ एप्रिल १८१९ मध्ये इथे आला आणि त्याने दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, रंगवलेल्या आकृतीवरच, आपले नाव आणि तारीख खरवडली. तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचलेला होता. त्यावर तो उभा होता, म्हणून ते नाव आज माणसाच्या उंचीच्या बरेच वर दिसते. गाइड ते दाखवतो. लोक माना वर करून बघतात. याच लेण्याच्या दर्शनी कमानीवर ब्राह्मी अक्षरांत आणखी एक नाव आहे. ते वासिठीपुत कटहादि याचे. त्याने या लेण्याचे ‘घरमुख’ दान दिले. घर आणि मुख हे दोन्ही शब्द आजच्या मराठी माणसालाही कळतात. ज्याला आपण दर्शनी भाग म्हणतो, त्याला तो माणूस घराचे तोंड म्हणतो. लेणे हा आपला शब्दही याच कुळातला. पश्चिम भारतातल्या जुन्या लेखांत ‘लेण’ आहे, पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ आहे. गुहा निसर्गाची असते आणि लेणे माणसाने कोरलेले, हा भेद आपली भाषा दोन हजार वर्षे सांभाळून आहे.

एका लेण्यात दोन नावे. एक देणाऱ्याचे, एक ओरखडणाऱ्याचे. माझ्या वह्यांमधल्या फेऱ्यांमध्ये स्मिथ जवळजवळ प्रत्येक वेळी आहे. कटहादि एकदाही नाही.

सतराव्या लेण्याबाहेरच्या लेखाचीही हीच गत. तो हरिषेणाच्या एका मांडलिकाचा आहे. त्याचा धाकटा भाऊ रविसांब वारला, आणि त्या दुःखातून त्याने दाने दिली, लेणी करवली, असा त्याचा आशय. दगड फुटल्यामुळे दात्याचे स्वतःचे नाव नष्ट झाले आहे. मेलेल्या भावाचे नाव तेवढे उरले आहे. गाइडला करुणरसच हवा असेल, तर याहून काय हवे? आणि हे वाचण्यासाठी परदेशी ग्रंथांकडे जाण्याचीही गरज नाही. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे लेख वाचले. विसाव्यात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे सारे लेख नव्याने तपासून १९६३ साली एका खंडात आणले. ही वाचने मुंबई-नागपुरात झाली आहेत. ती फर्दापूरच्या फाट्यापर्यंत मात्र पोचलेली नाहीत.

गाइडच्या बाजूने

हे वाचून गाइड मंडळींवर मी आरोप करते आहे, असे वाटेल. तसे नाही. महत्त्वाच्या रंगवलेल्या लेण्यांत एका वेळी मोजकेच लोक सोडतात आणि मिनिटेही मोजकीच मिळतात. मागे पुढचा गट उभा असतो. लहान मुले कंटाळलेली, वडीलधाऱ्यांचे गुडघे दुखत असलेले. अशा वेळी हातात येते ते हरीण. शिवाय गाइडच्या गोष्टींना हसणाऱ्यांनी एक जुनी हकीकत लक्षात घ्यावी.

सातव्या शतकात ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे त्याने जे वर्णन केले, ते अजिंठ्याचे मानले जाते. दाराबाहेर डावी-उजवीकडे दगडी हत्ती आहेत आणि ते कधीकधी गर्जना करतात, तेव्हा धरणी हादरते, असे तो लिहितो. तो स्वतः तिथवर गेला की नुसते ऐकून लिहिले, याबद्दल मतभेद आहेत. पण गर्जणारे हत्ती ही अस्सल गाइडची गोष्ट आहे, यात मला शंका नाही. त्याच वर्णनात तो सांगतो, की हा विहार आचार नावाच्या अर्हताने उभारला. आता सव्विसाव्या लेण्यातला भिक्षू बुद्धभद्राचा लेख पाहा. त्यात अचल नावाच्या स्थविराने शैलगृह करवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे दीडेकशे वर्षांनंतरही तोंडी परंपरेत करवणाऱ्याचे नाव शिल्लक होते. गर्जणाऱ्या हत्तींच्या पाठीवर बसून ते पुढच्या पिढीत पोचले.

म्हणून गोष्ट सांगण्याला माझा विरोध नाही. जुन्या गाइडने चमत्कारासोबत नाव जपले होते. आजच्या संहितेत चमत्कार राहिला, आणि नावाच्या जागी स्मिथ आला, एवढीच तक्रार आहे.

फेरी आखताना

दिवाळीच्या सुटीत अनेक वाचक अजिंठ्याचा बेत करतील. त्यांच्यासाठी माझी आखणी मांडते.

सोमवारी लेणी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर आहे, जळगावहून साठच्या आसपास. सकाळी निघून पोचेपर्यंत चांगला वेळ गेलेला असतो. त्यापेक्षा आदल्या रात्री फर्दापुरात मुक्काम करावा. फाट्यावर वाहन सोडून शेवटचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. शक्य असेल तर सुटीचे दिवस टाळावेत.

घरी तयारी काय करावी? दोन कथा वाचाव्यात, छद्दंत आणि विश्वंतर. दुर्गा भागवत यांच्या ‘सिद्धार्थ जातका’त जातककथा मराठीत आहेत. छद्दंत मुद्दाम सुचवते, कारण ती दहाव्या लेण्यातही रंगवली आहे आणि सतराव्यातही. पूर्वजन्मीच्या मत्सरातून राणी हत्तीचे सुळे मागते, हत्ती ते देतो, आणि समोर आलेले सुळे पाहून राणीच कोसळते. एकच गोष्ट, मध्ये काही शतके. बरोबर साधी दुर्बीण घ्यावी. चित्रे उंचावर आहेत आणि उजेड मंद असतो. पादत्राणे पटकन काढता येतील अशी असावीत.

आत गेल्यावर पहिले लेणे ओलांडून सरळ नवव्या-दहाव्याकडे जावे. सकाळी सगळे गट पहिल्यापाशी अडकलेले असल्यामुळे इथे शांतता मिळते. आधी बाहेर उभे राहून कमानीवरचा कटहादि शोधावा. मग आत जाऊन बसावे. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला दहा मिनिटे लागतात. तोवर काही उरलेले नाही असे म्हणू नये. त्यानंतर बारावे, तिथल्या भिक्षूंच्या खोल्या आणि दगडी ओटे. मग सोळाव्याखालचे हत्ती आणि नागराज पाहून वराहदेवाच्या दारातून वर यावे. सोळाव्यात सुंदरी, सतराव्यात रविसांबाच्या भावाचा लेख, छद्दंत, विश्वंतर आणि उजव्या भिंतीवरची सिंहलाची प्रदीर्घ कथा. इथली चित्रे काळाच्या क्रमाने जात नाहीत. एका स्थळी घडलेले प्रसंग बऱ्याचदा एकत्र येतात, त्यामुळे राजवाडा, रान, समुद्र अशी ठिकाणे धरून वाचली तर उलगडतात. पुढे एकोणिसावे.

मग चोविसावे. हे अर्धवट आहे, म्हणून फेरीतून वगळले जाते. मी मात्र सर्वांना आग्रहाने तिथे नेते. लेणे कसे कोरले जाते, हे पूर्ण झालेल्या लेण्यात दिसत नाही. इथे खडबडीत खांब, छिन्नीचे घाव, खडकातून अजून न सुटलेले आकार दिसतात. वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यभर अशाच अपुऱ्या जागांवरून अजिंठ्याचा कालक्रम मांडला. त्यांच्या मते पाचव्या शतकातले बहुतेक काम साधारण ४६० ते ४८० या वीस वर्षांत झाले आणि हरिषेणाच्या मृत्यूने ते कोलमडले. मिराशींनी हरिषेणाचा काळ ४७५ ते ५०० असा धरला होता. हा वाद मिटलेला नाही. पण कामगार छिन्नी खाली ठेवून निघून गेले ती जागा डोळ्यांनी पाहिली, की वादात काय पणाला लागले आहे ते कळते. शेवटी सव्विसावे, सात मीटरांहून लांब असा महापरिनिर्वाणातला बुद्ध. त्याच्या खाली शोक करणारे शिष्य, वर आनंदाने वाजवणारे देव.

परतीच्या वाटेवर दुसरे आणि पहिले लेणे लागतेच, कारण बाहेर पडायचे ते त्याच बाजूने. एक पाऊलही जास्त चालावे लागत नाही. दिवसभराच्या शेवटी पद्मपाणीसमोर उभा राहणारा माणूस त्याला सातशे वर्षांच्या प्रवासाचे टोक म्हणून पाहतो. आता हरणेही पाहावीत, आधी आसनाखालची, मग खांबावरची.

गाइड जरूर घ्यावा. ठरवतानाच आपला क्रम सांगावा. मी असे सांगितले तेव्हा एका वयस्क गाइडने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “ताई, असं कुणी मागत नाही. मागितलं तर आम्ही का नाही सांगणार?” त्या दिवशी सतराव्या लेण्याबाहेर त्याने स्वतःहून अर्धा तास काढला.

नक्कल आणि मूळ

रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे राबून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन केलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी मूळ चित्रे वाचवण्यासाठी लाखेचा लेप दिला, तो पुढे पिवळा-काळा पडला. मूळ भिंतीवर जे उरले आहे ते आपल्या श्वासाच्या दमटपणानेही झिजते. म्हणजे आपण आत जाण्याची किंमत ते चित्र मोजत असते. ती किंमत मोजायला लावून आपण फक्त चमकणारे मोती पाहून परतावे, हे मला पटत नाही.

ग्रंथ बदलायला पिढ्या जातात. तोंडी संहिता ऐकणाऱ्यांच्या मागणीने बदलते, आणि लवकर बदलते. या हंगामात जाणाऱ्या प्रत्येक गटाने दहाव्या लेण्यासमोर एकच प्रश्न विचारावा: हे घरमुख कुणी दिले? दहा गट विचारतील तेव्हा अकराव्या गटाला उत्तर न विचारताच मिळेल.